माझा खोडलेला पंच्याहत्तर

मंडळी, आज सकाळी अड्याळच्या बाजारात चिंच जिभेवर ठेवली आणि थेट ऐंशी-एक्क्याऐंशीच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन पोचलो.

परीक्षेचं प्रॅक्टिकल होतं. अनोळखी आम्लात ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब अल्कली सोडायची, गुलाबी झालं की थांबायचं आणि आम्लाचं इक्विव्हॅलंट वेट, म्हणजे त्या आम्लाचा ठरलेला आकडा, काढायचं. दरवर्षी ऑक्झॅलिकच असायचं. उत्तर त्रेसष्ट, सगळ्यांना तोंडपाठ.

माझं तीनदा पंच्याहत्तर आलं. तीनदा तोच गुलाबी, तळ्यावरच्या पहाटेसारखा, बघता बघता विरणारा. मी पंच्याहत्तर खोडला आणि त्रेसष्ट लिहिला.

शेजारी लाखांदूरची कुसुम होती. म्हणाली, "मले तं पंच्याहत्तरच येऊन राह्यले. मी तेच लिहीन."

आम्ही हसलो.

नंतर कळलं, त्या वर्षी सरांनी आम्ल बदललं होतं. चिंचेतलं टार्टरिक दिलं होतं. कुसुम एकटीच बरोबर निघाली. माझ्या वहीतल्या खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवून सर हळूच म्हणाले, "काहून खोडला बाबू? तुले तुया डोळ्यावर भरोसा नाही काय?"

आज चिंच विरघळेपर्यंत मी बाजारात तसाच उभा होतो.

तुम्ही स्वतःच्या हातानं खोडलेला पंच्याहत्तर कोणता?