कमी दाबाच्या विजेवरची रेकॉर्ड

मुलांनो, तुमच्या घरी त्या शिकागोच्या बँडच्या इतक्या रेकॉर्डी आहेत. त्यांतली सगळ्यांत जुनी, कोपरा दुमडलेल्या कव्हरातली, धुळ्याला आमच्याकडे माझ्या भावाच्या बॅगेतून आली. तो अमेरिकेत नोकरीला होता. मी कादंबऱ्या मागितल्या होत्या, आणि याने आणली शिकागोच्या कुणा मंडळींची, ब्लूज म्हणतात त्या गाण्यांची रेकॉर्ड.

पहिल्या दिवशी मी आवाज कमी केला. विजेवरच्या गिटारी एकमेकींवर खेकसत होत्या आणि सगळ्यांच्या वरून माउथ ऑर्गन, रडवेला आणि तरी भांडायला उभा राहिलेला. दुसऱ्या दिवशी मात्र मी वह्या तपासत बसले होते आणि माझा पेन थांबला. त्या गाण्यांना घाई नव्हती. डोक्यावर ओझं घेतलेली माणसं पाय रोवत चढ चढतात, तसा त्यांचा ठेका होता. इंग्रजी मला येत होतं, पण त्या गायकाचे निम्मे शब्द कळत नसत. त्याने काही अडलं नाही.

तुमच्या आईला मात्र त्या रेकॉर्डने धरलंच. ती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मुंबईहून तिने वेगवेगळ्या पट्टीचे तीन-चार माउथ ऑर्गन मागवले, रेकॉर्डशी एकेक लावून पाहिला, जो जुळला तो ठेवला आणि बाकीचे परत पाठवले. रोज संध्याकाळी प्लेअरशेजारी बसून ती वाजवायची. मी शिकवलेली शिस्त तिने अभ्यासात कधी दाखवली नाही, ती इथे दाखवली.

तिला मुंबईला जाऊन ध्वनिमुद्रण शिकायचं होतं. तुमच्या आजोबांना ती बी.एड. व्हायला हवी होती. ते वाईट नव्हते, धास्तावलेले होते. जेवताना एकदा त्यांनी भाकरी तशीच ठेवली आणि म्हणाले, "हा बाजा ऐकायला तुझ्या आईशिवाय कोण बसतं, ते तरी कळू दे. जळगावच्या वाद्यवादन स्पर्धेत वाजव. लोकांनी बसून ऐकलं तर जा मुंबईला. हुर्यो झाली, तर जूनपासून बी.एड."

"नाना, शब्द पक्का?"

"मी कधी कच्चा दिलाय?"



स्पर्धेच्या दिवशी आम्ही तिघं एसटीने जळगावला निघालो. रेकॉर्ड प्लेअर माझ्या मांडीवर, रेकॉर्ड तिच्या छातीशी, आजोबा खिडकीकडे तोंड करून. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मी चहा विचारला. दोघांनीही मानेनेच नको म्हटलं.

हॉलवर पोचलो तर लाइट गेलेली. मागच्या अंगणात मंडपवाल्याचा जनरेटर धडधडत होता. स्पर्धक इतके की आधी वाजवून बघायला कोणालाच वेळ मिळाला नाही. दुपार कलताना तिचं नाव पुकारलं. प्लेअर टेबलावर ठेवला, त्याच्यापुढे एक माइक, दुसरा तिच्या हातात. तिने सुई ठेवली, चार ठेके जाऊ दिले आणि फुंकर घातली.

मुलांनो, तो आवाज मी विसरू शकत नाही. रेकॉर्ड एकीकडे, ती एकीकडे. जणू दोन शेजारणी एकाच वेळी वेगवेगळ्या पट्टीत आरती म्हणत होत्या. मागून शिट्टी आली. कोणीतरी ओरडलं, "ताई, कुकर झाला, उतरवा!" हॉल हसला. तिने सुई उचलली, माउथ ऑर्गन उलटसुलट करून पाहिला, पुन्हा सुई ठेवली. पुन्हा तेच. शिवाय आता मला स्पष्ट ऐकू आलं की रेकॉर्डमधली मंडळी धावत होती. चढ चढणारी माणसं उतारावर सुटल्यासारखी.

सूत्रसंचालक पुढे झाला. "पुढच्या स्पर्धकाला बोलावू या का?"

"एक मिनिट," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आजोबा पायांकडे बघत बसले होते.

मी वर पाहिलं. तिच्या डोक्यावरचा बल्बही पांढरा होता. लख्ख, डोळ्यांत खुपणारा. असा बल्ब आमच्या घरी कधी जळलाच नव्हता. धुळ्यात आमची कॉलनी गावाबाहेर, शेतातल्या विहिरींच्या मोटारींच्याच लाइनीवर. सगळ्यांच्या मोटारी चालू, म्हणून आमचा दिवा कायम हळदीसारखा पिवळा. ट्यूबलाइट लागायचीच नाही. पंखा रमतगमत फिरायचा. आणि रेकॉर्डही! इतके महिने आम्ही तो बँड सुस्तावलेला ऐकत होतो, आणि पोरीने माउथ ऑर्गनही त्या सुस्त रेकॉर्डलाच जुळवून घेतला होता.

मी मागच्या दाराने अंगणात धावले. जनरेटरपाशी एक माणूस तंबाखू मळत बसला होता.

"भाऊ, हे जरा हळू करता येईल?"

"हळू? अक्का, बठ्ठा लोके जोरमा कर म्हणतस. तुम्ही पहिल्याच हळू म्हणणाऱ्या!"

"माझी मुलगी स्टेजवर उभी आहे."

"मंग ते उजेड जास्ती जोयजे ना!"

"नको. कमीच हवा. लवकर करा."

"लाइट पिवळा पडी जाई. लोके बोंबलतीन."

"बोंबलू देत. मी आहे ना इथे."

त्याने तंबाखू तोंडात टाकली आणि इंजिनाच्या दांडीला हात घातला. "कितलं कमी करू?"

 उघड्या दारातून स्टेजवरचा बल्ब दिसत होता, त्याच्याकडे बघत मी म्हणाले, "थांबा म्हणेपर्यंत." धडधड मंदावली. बल्ब पिवळा झाला, मग एकदम लाल, आणि इंजिनाला उचकी लागली. "वाढवा, वाढवा!" आत आरडाओरडा सुरू झाला. "लाइट!" "अरे, डिझेल टाका रे कोणीतरी!"

बल्ब आमच्या स्वयंपाकघरातल्या दिव्यासारखा दिसू लागला. "बस," मी म्हणाले.

तिने मान वर केली. बल्बकडे पाहिलं, मग दाराकडे, माझ्याकडे. तिला कळलं. सुई ठेवून तिने एकच सूर हलकेच फुंकला आणि मला हाताने खुणावलं, अजून थोडं खाली. मी तीच खूण मागे केली. भाऊंनी दांडी केसभर सरकवली.

आणि जुळलं.

पण हॉल अजून ओरडतच होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला, घरात मी कधी न ऐकलेल्या पट्टीत. "बसा रे खाली! ऐकू द्या!" आजोबा उभे होते, मागे वळून, हात वर केलेला. पोरं खाली बसली. मग त्या मळकट उजेडात तुमची आई त्या मंडळींबरोबर तो चढ चढली आणि गाणं संपेपर्यंत कोणी उठलं नाही. बक्षीस मिळालं नाही. टाळ्या मिळाल्या, आणि मंडपवाल्या भाऊंनी मला विचारलं, "आते वाढाडू का, अक्का?"

परतीच्या बसमध्ये आजोबा पुन्हा खिडकीकडे तोंड करून. तुमची आई रेकॉर्ड मांडीवर घेऊन त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. पारोळ्याला बस थांबल्यावर त्यांनी स्वतःच खिडकीतून तीन चहा मागवले.

"मुंबईत व्होल्टेज पूर्ण असतं म्हणतात," ते म्हणाले. "तुला दुसरा बाजा घ्यावा लागेल."

तुम्ही मागच्या महिन्यात मला तीच गाणी पाठवलीत, स्वच्छ केलेली, खऱ्या वेगातली. मी सगळी ऐकली. छान आहेत. आता मला गायकाचे शब्दही कळतात. पण ती मंडळी फार घाईत आहेत. तुमच्या आईला सांगा, तिच्या स्टुडिओतल्या त्या मोठ्या यंत्रावर घालून मला ती गाणी धुळ्याच्या वेगाने करून पाठवायला. किती हळू, ते तिला विचारावं लागणार नाही.