सत्तेचाळीसचा शिक्का

गिटारची मान, वाजवणारे तिला नेक म्हणतात, ती खोलायची असली की आधी तारा सैल करायच्या असतात. हे मला काकांनी अकोल्यात त्यांच्या घरी सांगितलं, तेही मी पहिला स्क्रू फिरवून बसल्यावर.

"थांब वं पोरी. तारा ताणलेल्या असताना खोलतं काय? लाकूड उडन तोंडावर."

मला थांबायची सवय नाही. अमरावतीत ज्या संघटनेचं काम मी करते तिथे पत्रकं लिहिणं माझ्याकडे आहे. संध्याकाळी ठरलं की सकाळी वाटलं. नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यातल्या बायकांच्या पाळ्यांपासून वस्तीतल्या नळापर्यंत सगळं मी एकेका पानात बसवलंय. पहिल्या ओळीला वाचणारा थांबला पाहिजे, असं आम्हाला शिकवलं. ती ओळ खरी आहे का ते तपासा, असं कोणी शिकवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

काका सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, पातूर. गणपतीचा मांडव, लग्न, शाळेचं गॅदरिंग. डीजे आले तसा ऑर्केस्ट्रा बसला आणि काका कापसाच्या जिनिंगवर चौकीदार झाले. आता साखरेच्या आजाराने डाव्या हाताची बोटं आखडली आहेत, म्हणजे वाजवून दाखवायची सोय नाही. म्हाताऱ्या कलावंतांना मानधन मिळतं म्हणून त्यांनी अर्ज केला. तो परत आला. शेरा असा की, कलेत किती वर्षं काढली याचा पुरावा जोडा.

पुरावा आणायचा कुठून? ऑर्केस्ट्राचा मालक वारला, त्याच्या घरच्यांनी कागद रद्दीत दिले. मी घरोघर जाऊन लोकांच्या लग्नाचे अल्बम पाहिले. अल्बममध्ये नवरदेव असतो, नवरी असते, तोंडात जिलेबी कोंबलेले पाहुणे असतात. गिटारवाल्याचं फक्त कोपर असतं. एका फोटोत तर ते कोपरही व्याह्याच्या फेट्याआड गेलं होतं. चार तालुक्यांना नाचवलेला माणूस, आणि सरकारला दाखवायला कोपरसुद्धा नाही! माझं डोकं फिरलं.

उरली गिटार. काकूंनी ती पलंगाखालून ओढून काढली, सतरंजीत गुंडाळलेली. तांबडी, कडांना काळवंडलेली, दर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू तारा पिळायच्या चाव्यांच्या फटीत बसलेलं. मागच्या पत्र्यावर इंग्रजीत मेड इन जपान.

"मुंबईहून बोटीवरच्या एका माणसाकडून आणली," काका म्हणाले. "नवी कोरी. डब्यातून मीच काढली."

"कोणत्या साली?"

"साल कोन ध्यानात ठेवते? मिशी फुटली होती, लगन व्हायचं होतं."

मग मी अमरावती-अकोला बसमध्ये फोनवर वाचत सुटले. जुन्या जपानी गिटारी ओळखणाऱ्यांची जगात एक जमात आहे. ते सांगतात, गिटारच्या डोक्यावर छापलेल्या नावावर जाऊ नका. एकच कारखाना दहा दुकानदारांची नावं टाकून माल पाठवायचा. पत्र्यावरच्या नंबरावरून बहुतेक वेळा साल निघत नाही. त्यापेक्षा तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपचं झाकण पाहा, बटणं पाहा, चाव्या मूळच्या आहेत का पाहा. आणि नशीब असेल तर नेक जिथे बॉडीत बसते, तिथे आतल्या लाकडावर तारखेचा शिक्का सापडतो. म्हणून तो स्क्रू.

तारा सैल केल्या. चारही स्क्रू निघाले. नेक बाहेर आली तशी जुन्या लाकडाचा आणि खोबरेल तेलाचा वास आला. टोकावर निळसर शाईत आकडे होते. सत्तेचाळीस, टिंब, सहा.

"सत्तेचाळीस साल!" मी ओरडलेच. "जून सत्तेचाळीस! काका, स्वातंत्र्याच्या दोन महिने आधीची!"

काका शिक्क्याकडे पाहत राहिले. "मंग त्यानं मले नवी म्हणून काहून देल्ली?"

प्रश्न सरळ होता. तिथेच थांबून तो ऐकायला हवा होता. पण माझ्या डोक्यात पहिली ओळ तयार झाली होती.

"स्वातंत्र्याहून जुनी गिटार, आणि तिचा वादक पुराव्याविना!" हे पत्रक मी काकांच्या शब्दांत पुन्हा भरलेल्या अर्जाला जोडलं, चौकात वाटलं आणि मानधन ठरवणाऱ्या समितीची बैठक होती त्या दिवशी दारातही वाटलं. आत एक सदस्य बसले होते, स्वतः भजनात पेटी वाजवणारे. त्यांनी एका हातात अर्ज धरला, दुसऱ्या हातात माझं पत्रक.

"काका, जन्म त्रेपन्नचा लिवला तुमी."

"हो जी."

"गिटार सत्तेचाळीसची. आन् अर्जात म्हणता का डब्यातून नवी कोरी मीच काढली."

"हो जी."

"मंग जन्माच्या सहा वर्षं आधी जाऊन आणली काय? मायच्या पोटात तरी होते का तवा?"

सगळे हसले. काकाही हसले, वर्गात मार खाल्लेलं पोर हसतं तसे. अर्जावर नवा शेरा पडला, माहिती विसंगत.

परतीच्या बसमध्ये मी त्या जमातीतल्या एकाला शिक्क्याचा फोटो पाठवला, मोडक्या इंग्रजीत विचारलं. उत्तर लवकर आलं. हे आकडे इसवी सनाचे नव्हेत. जपानमध्ये सम्राट गादीवर आल्यापासून वर्षं मोजतात, आणि त्या काळच्या सम्राटाचं सत्तेचाळिसावं वर्ष म्हणजे आपलं एकोणीसशे बहात्तर.

आमच्या घरी खिळ्याला पंचांग असतं. त्यावर शके वेगळा, संवत वेगळं, इंग्रजी साल वेगळं. लहानपणापासून मी एका भिंतीवर तीन सालं पाहत आले आणि दुसऱ्या कोणाचं स्वतःचं साल असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. सत्तेचाळीस दिसलं की आम्हाला झेंडाच दिसतो. बहात्तरला काका एकोणीस वर्षांचे. मिशी फुटलेली, लग्न व्हायचं होतं. गिटार नवी कोरी. म्हातारा अक्षर न् अक्षर खरं बोलत होता आणि त्याला खोटं पाडलं मी.

चुकीची कबुली लिहून मी त्या सदस्यांकडे गेले. त्यांनी ती वाचली, घडी घातली.

"आधी सत्तेचाळीस, आता बहात्तर. पुढच्या महिन्यात पांडवांच्या काळातली निघन." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "बाई, गिटारचं वय कळलं, मानलं. यायनंच वाजवली कशावरून? माह्या घरी बापाची बंदूक आहे. मी शिपाई झालो काय? आन् ऑर्केस्ट्रा म्हणजे धंदा. आपल्या मानधनात येते ते भजन, भारूड, गोंधळ."

मी भांडले. पोटासाठी वाजवलं म्हणजे कला नाही का, भारूडवाल्याला पोट नसतं का, सगळं बोलले. एरवी अशा भांडणानंतर मला जोर येतो. त्या दिवशी पाय ओढत स्टँडवर आले आणि पहिली बस तशीच जाऊ दिली.

पुढच्या खेपेला काकांनीच विषय काढला. "गल्लीतलं भजनी मंडळ चिठ्ठी द्यायले तयार आहे. वीस वर्षं खंजिरी वाजवली म्हणून."

"वाजवली तुम्ही?"

"हातात घेतली होती. एकदा. मोझरीले महाराजांच्या भजनाले गेलो होतो तवा."

"काका, हे खोटं आहे."

"गिटार खरी होती ना? काय झालं तिचं?" ते चिडले नव्हते. "तुले खरं पाह्यजे, पोरी. मले इन्सुलिन पाह्यजे."

काकूंनी कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "लिव वं माय. तुह्यं अक्षर चांगलं आहे."

लाचलुचपत, बोगस लाभार्थी, खोटे दाखले, यांवर मी किती पत्रकं लिहिली असतील. मी अर्ज भरला. वाद्य, खंजिरी. कंटाळून भरला, जसे सगळे भरतात.

मंजुरी आली. पत्रात ज्येष्ठ खंजिरीवादक असं छापलेलं. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"मेल्यावर पेपरातही असंच येईन काय?"

"येईल बहुतेक," मी म्हटलं.

"नको येऊ देजो. तवा तू गिटार लिवजो. मेल्यावर कोनी पुरावा मागत नाही."

मी हो म्हटलं.