कन्नड कागदावरचा चहाचा डाग

माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध जगातली कुठलीही सत्ता डांबून ठेवू शकत नाही, असं मी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. त्या वेळी माझ्या अंगात दवाखान्याचा पायजमा होता आणि हात इतके थरथरत होते, की त्याची नाडी सिस्टरनी बांधून दिली होती.

डॉक्टरांनी माझं भाषण संपू दिलं. मग म्हणाले, "तुम्हाला ओपिऑइड डिपेंडन्स आहे." म्हणजे वेदनाशामक गोळीची अशी सवय, की ती चुकली तर मूळ दुखणं राहतं बाजूला आणि सगळं शरीरच संपावर जातं. डॉक्टर धारवाडकडचे. मराठी जपून बोलायचे, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य निकालासारखं वाटायचं.

माझं घर सीमाभागात, वडगावात. घरात दोन यंत्रमाग आणि पुस्तकांचं एक कपाट. मागाचा सुताने भरलेला बीम उचलताना कंबर धरली आणि ट्रॅमाडॉलच्या गोळ्या सुरू झाल्या, दिवसाला दोन. दोन वर्षांनी मी मोजणं सोडलं होतं. एका सकाळी मच्छे गावातल्या औषधवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळी द्यायला नकार दिला आणि मी त्याच्या काउंटरची काच फोडली. पोलीस आले. माझी बायको सुनंदा त्यांना म्हणाली, "ह्यास्नी जेलात नको सायेब, दवाखान्यात घाला." मॅजिस्ट्रेटनी माझ्याकडे एकदा पाहिलं, कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, आणि तपासणीसाठी माझी रवानगी इथं झाली. त्यांचं बोलणं कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही.

पहिले चार दिवस विथड्रॉवलचे, म्हणजे शरीर गोळी मागतं आणि मिळत नाही तेव्हाचे. नाक, डोळे, पोट, गळण्यासारखं जे काही आहे ते गळतं. औषध देतात, पण झोप येत नाही. हे कुणाच्या वाट्याला आलं तर त्याला एवढंच सांगतो, पाचव्या दिवशी चहाला चव येते.

चव आल्याबरोबर मला हक्क आठवले. सिस्टर कोर्टाच्या आदेशाची प्रत घेऊन आल्या. "अण्णा, वाचून घ्या."

"मराठीत आणा."

मला कन्नड वाचता येतं. बसची पाटी, सुताची पावती, सासुरवाडीची लग्नपत्रिका, सगळं वाचतो. पण सरकारी कागद मराठीतच घ्यायचा, हा आमच्या घरचा नेम. वडिलांनी रेशनकार्डाचा कन्नड फॉर्म परत केला होता आणि आम्ही सहा महिने बिनसाखरेचा चहा प्यालो होतो. शिवाय इथं कायदाही माझ्या बाजूने होता. रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक आहे. सिस्टर म्हणाल्या, "तोंडी सांगते की मराठीत." मी म्हणालो, "कागदाचं तोंडी चालत नाही." क्लार्कने भाषांतर मागवल्याची नोंद केली.

बाकीचे हक्क मात्र मी सिस्टरांकडून तोंडीच ऐकून घेतले, कारण ते माझ्या सोयीचे होते. घरी फोन करता येतो. नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे आपल्या वतीने बोलणारा माणूस, आपण निवडू शकतो. फुकट वकील मागता येतो. आणि दाखल केल्याविरुद्ध मानसिक आरोग्याच्या मंडळाकडे अपील करता येतं. हे लक्षात ठेवा, कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

मी वकील मागितला आणि अपील लिहायला बसलो. अकरा फुलस्केप पानं झाली. दहाव्या दिवशी क्लार्क आणखी एक कन्नड कागद ठेवून गेला. त्यावर मी चहाचा ग्लास ठेवू लागलो. डॉक्टर दोन दिवस रजेवर होते.

बाराव्या दिवशी टिळकवाडीहून वकीलबाई आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. माझी अकरा पानं त्यांनी आदराने बाजूला ठेवली आणि कोर्टाचा आदेश वाचला.

"काका, हा आदेश दहा दिवसांचा आहे. अपील कशाविरुद्ध करायचं?"

"मग मला सोडलं का नाही?"

त्यांनी ग्लास उचलून खालचा कागद वाचला. "दवाखान्याने परवाच विचारलंय की. घरी जायचं, की स्वतःच्या सहीने राहायचं? सही नाही म्हणजे तुमचा विचार चाललाय, असं धरलं असेल. दार काही बंद नाही."

मी चपला घातल्या. खरं सांगायचं तर मी घरी निघालो नव्हतो. मच्छेत आणखी एक औषधाचं दुकान आहे आणि तिथला माणूस चिठ्ठी मागत नाही.

व्हरांड्यात सुनंदा डबा घेऊन उभी होती.

"लई बरं वाटलं बगा," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीत सांगून आले. कोर्टाचं दिवस सपलं तरी आमचं मालक आपनहून ऱ्हायलेत. शेजारच्या आक्का तर रडाय लागल्या." मग तिने माझ्या पायांकडे पाहिलं. "चपला कशाला घातलासा?"

"पाय मोकळे करायला."

मी परत आत गेलो. चहाचे गोल डाग पडलेला तो कागद शब्द न् शब्द वाचला. आयुष्यात वाचलेला माझा पहिला सरकारी कन्नड कागद. इंडिपेंडंट ॲडमिशन, म्हणजे आपल्या मर्जीने दाखल होणं. सही मराठीत केली. तेवढा नेम पाळला.

त्यानंतर चोवीस दिवस राहिलो. घरी येऊन वर्ष झालं. गोळी नाही. कंबर दुखते, तिला व्यायाम देतो. काचेबद्दल औषधवाल्याची माफी मागितली, त्याने मान्य केली, पण मी आत शिरलो की तो अजून काउंटरवर हात ठेवून उभा राहतो.

घरी आल्यावर महिन्याभराने सुनंदाला खरं सांगितलं, की मी आपणहून थांबलो नव्हतो, मुदत संपल्याचं मला माहीतच नव्हतं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "तुमी कन्नड कागद वाचलासा म्हनून कोन इश्वास ठेवील?"

डॉक्टरांचा, सिस्टरांचा, वकीलबाईंचा मी ऋणी आहे. सुनंदाचं ऋण मोजायच्या भानगडीत पडत नाही.

गेल्या आठवड्यात त्या आदेशाचं अधिकृत मराठी भाषांतर पोस्टाने आलं. ते समजून घ्यायला मला मूळ कन्नड कागद काढावा लागला.