तीन दिवसांचं पाणी

गाळ काढलेल्या विहिरीचं पाणी चाचा आधी तीन दिवस स्वतः पीत. विहीर ज्यांची, त्या घरच्यांना परवानगी चौथ्या दिवशी. लातुरात आमच्या गल्लीत त्यांना सगळे विहीरचाचाच म्हणत. कुणी घाई केली तर म्हणायचे, "पानी गोड लागतंय म्हणून चांगलं हाय असं न्हाई. पोटाला विचारू द्या."

भूकंपानंतर जमीन अधूनमधून हादरत होती, तेव्हा विहिरीत उतरायला कुणी धजत नव्हतं. चाचा कमरेला दोर बांधून गावोगावच्या गढूळ विहिरी उपसत फिरले. बायकोनं भांडण काढलं, तर तिलाच विचारलं, वाचलेल्या माणसांनी प्यायचं काय?

पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. मीही सर होतो. घरामागं खोल्या बांधून कंधार-उदगीरकडची पोरं ठेवली. नळाचा भरवसा नव्हता, म्हणून आवारातली जुनी विहीर चाचांना साफ करायला सांगितली. उतरण्याआधी त्यांनी विचारलं, संडासाचा शोषखड्डा किती लांब? मी सांगितलं, पार रस्त्याच्या बाजूला. तो होता विहिरीपासून दहा पावलांवर, फरशीखाली. हलवायचा तर दोन खोल्या पाडाव्या लागल्या असत्या.

गाळ काढून पाणी पिऊ लागले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात सलाईन लावलेलं, आवाज खोल गेलेला. "सर, पोरायला पाजू नका. खड्डा लांब हाय म्हणता, मग झऱ्यातच कायतरी असंल. मी उतरून बघतो." तेव्हाही मी खड्ड्याचं खरं सांगितलं नाही.

आठ दिवसांनी, पाय लटपटत असताना, ते उतरले. वर आले ते मुठीत काळा, घाण मारणारा चिखल घेऊन. माझ्याकडं नाही, फरशीकडं बघितलं. "हितं फोडा." खड्डा उपसून बुजवेस्तोवर उन्हात बसून राहिले. दोन खोल्या शेवटी गेल्याच. विहीर मी बंद केली, टँकर लावला आणि पोरांना सांगितलं, झरे आटले.

चाचांची तब्येत त्यानंतर सावरली नाही. पुन्हा ते कुठल्याच विहिरीत उतरले नाहीत. दोन वर्षांत गेले. वय झालं होतं, असं मीच लोकांना सांगत आलो.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"आम्हाला ठाऊक हाय, सर. अब्बा म्हणले, पोरांच्या परीक्षा हायत, आत्ता बोंब नको. मागून सर स्वतःच सांगतील."

भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "शेवटी शेवटी कडी वाजली की विचारायचे, सर आले का?"