करापुरता रहिवासी

दादाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं मला अक्षरशः ढकलत रिक्षात बसवलं. बॅगसुद्धा तिनंच आत फेकली. "जा. येक मारला त्यांनी माजा. तू तरी जित्ता ऱ्हा," एवढंच म्हणाली आणि दार आपटून आत गेली. पनवेल मागं पडेपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होतो. पोलिसांना, देवाला, स्वतःला. खिशात जर्मनीचं रेसिडन्स कार्ड होतं. ते दातांनी फाडून फेकावंसं वाटत होतं.

तुमच्यापैकी जे बाहेर गेलात आणि जे गावातच राहिलात, त्या दोघांसाठी हे लिहितोय. कारण दोघंही अर्धवट ऐकून बोलता. तिकडचे म्हणतात, मूर्खानं सोन्यासारखी नोकरी घालवली. गावातले म्हणतात, काहीतरी भानगड केली असणार, म्हणून हाकलला. आता नीट ऐका.

मी आधी न्हावा शेव्याला क्रेनवर होतो. तिथल्या अनुभवावर हॅम्बुर्गच्या बंदरात काम मिळालं. बायको सुप्रिया आणि मुलगी ईरा माझ्यामागून आल्या. त्यांची कार्डं माझ्या कार्डावर टांगलेली. माझं गेलं की त्यांचीही गेली, हे पहिल्याच दिवशी समजलं होतं. हे कार्ड असलेल्यानं सलग सहा महिने जर्मनीबाहेर राहायचं नाही. राहिलात, की कार्ड आपोआप मेलं.

दादा गावातच राहिला. तळोज्याच्या बाजूला, घराला लागूनच, आमची थोडी भाताची जमीन आहे. तिच्या शेजारी मधुकर नावाच्या ठेकेदारानं भराव टाकायला सुरुवात केली, आणि हळूहळू त्याचे डंपर आमच्या बांधाच्या आत रिकामे व्हायला लागले. मी सुट्टीवर आलो होतो त्या सकाळी दादा डंपरच्या समोर जाऊन उभा राहिला. मी गच्चीवर ब्रश करत होतो. मधुकर केबिनमधून उतरला, टायर खोलायची लोखंडी टॉमी त्याच्या हातात होती. पहिला घाव खांद्यावर बसला. दादा खाली बसला तरी तो थांबला नाही. डोक्यावर मारतच राहिला. मी जिने उतरून, अनवाणी, चिखलातून धावलो. पोचलो तेव्हा दादाचा एक डोळा उघडा होता आणि तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर माझा हात आत गेला. आजही क्रेनचा, जेसीबीचा, कशाचाही लोखंडी आवाज आला की माझी बोटं ओली होतात.

बघणारा मी एकटाच होतो. डंपरचा ड्रायव्हर पळाला तो परत दिसला नाही.

दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये, साक्षीसाठी समन्स आलं. मी बिनपगारी रजा टाकून आलो. वाटलं, महिनाभरात संपेल. कसलं काय! एकदा त्यांचा वकील आजारी, एकदा वकिलाची आई आजारी, एकदा जज्जसाहेब रजेवर. मधुकर जामिनावर होता. कोर्टाबाहेरच्या टपरीवर मांडीवर मांडी टाकून कटिंग प्यायचा आणि मला बघून कप उचलायचा. सुप्रिया फोनवर ओरडायची, "तुझा भाऊ गेला, आता आम्हालाही घालवणार आहेस का?" मीही ओरडायचो.

पण तोडगा होता. मुदत संपायच्या आधी चार दिवस जर्मनीत जाऊन यायचं, की पुन्हा सहा महिने मोकळे. तिकीट काढलं. आणि आमच्या आईनं, बिचारीनं, एका हळदीत बायकांच्या घोळक्यात बसून हे सगळं अभिमानानं सांगितलं. "माज्या पोराला तिकडं किती मान हाय! सा महिन्यांच्या आत तोंड दाखवावंच लागतं. चार दिस जाऊन येल, मग त्याला कोन हात लावील?" आमच्याकडं हळदीला अख्खा गाव असतो. मधुकरची मावशी भांडी घासत तिथंच बसली होती.

फ्लाइटच्या आठवडाभर आधीची तारीख. पुन्हा पुढं ढकलली. मी पायऱ्या उतरत होतो. मधुकर जवळ आला आणि अगदी हळू, मित्राशी बोलावं तसं म्हणाला, "तुजा दादूस डुकरासारका वरडला रं. वरून चांगला दिसला आसंल ना तुला?"

मी त्याचं नाक फोडलं. हाड मोडल्याचं मला हाताला कळलं. खाली पाडून छातीवर बसलो आणि मारत राहिलो. दोन हवालदारांनी ओढून काढलं तेव्हा तो रक्त थुंकत हसत होता. तेव्हा माझी ट्यूब पेटली: मावशीकडून सगळं ऐकून त्याला मला केसमध्ये अडकवायचं होतं, म्हणजे कार्डही जाईल आणि माझी साक्षही कच्ची पडेल. पण उशीर झाला होता. माझ्यावर केस झाली, जामीन मिळाला, आणि जामिनाची अट म्हणून पासपोर्ट जमा करावा लागला. तिकीट वाया गेलं. हॅम्बुर्गमध्ये कार्ड देणाऱ्या सरकारी ऑफिसला मी सगळं कळवलं. खेद वाटतो, पण नियमाप्रमाणे कार्ड रद्द, असं उत्तर आलं.

तिच्या हळदीतल्या बोलण्यामुळं हे झालं, असं आईला कुणीतरी सांगितलं. तिनं ओट्यावर डोकं आपटून घेतलं, कपाळ फुटेपर्यंत. मी तिला धरून ठेवलं. तिच्यावर मला राग येत नव्हता. राग सगळा मधुकरसाठी राखून ठेवला होता.

त्याच सुमारास आमचा सीए मित्र म्हणाला, "अर्ध्याहून जास्त वर्ष इथं काढलंस. आता कराच्या हिशेबात तू इथला रहिवासी. तिकडची कमाईसुद्धा इथं दाखवावी लागेल." मी हसलो, इतका हसलो की तो घाबरला. दिवस तेच. तिकडच्यांनी मोजून मला बाहेर काढलं आणि इकडच्यांनी तेच मोजून आत घेतलं.

दिवाळीनंतर अखेर साक्ष झाली. मधुकरच्या वकिलाची सगळी मांडणी तयार होती: हा परदेशी राहतो, कर तिकडं भरतो, याला ना गावाशी देणंघेणं ना भावाशी, आला तो जमिनीच्या वाट्यासाठी. त्यानं विचारलं, "तुम्ही इथले रहिवासी नाही, हे खरं ना?"

म्हटलं, "नव्हतो. आता इथलाच आहे. तुम्हीच तारखा मागून मागून केलंय मला इथला. आता विचारा काय विचारायचं ते. मला कुठंही जायचं नाही."

आणि मग मी पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत सांगितलं. मधुकरकडं बोट दाखवलं तेव्हा तो कप उचलत नव्हता. त्याला जन्मठेप झाली. आईनं निकाल ऐकला आणि जेवायला वाढलं.

सुप्रिया आणि ईरा परत आल्या. विमानतळावर सुप्रिया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, म्हणाली, "बरं केलंस." मी हरखून गेलो. वाटलं, सुटलो. खाली वाकून ईराला उचलायला गेलो, तर तिनं माझ्या तोंडावर मूठ हाणली. मग दुसरी. आठ वर्षांची पोर, ओठ फुटला माझा. जर्मनमध्ये किंचाळत होती, लोक बघत होते, आणि मला ती सगळी भाषा समजत होती. माझी शाळा, माझी खोली, माझी मैत्रीण. मी हात अडवले नाहीत.

आता ती पनवेलच्या शाळेत जाते. मराठी सुधारलंय, आजीसारखं "नाय" म्हणते. मला विचाराल तर माझं घर इथं आहे, आणि त्याची किंमत मी मोजली, असं मी छाती ठोकून सांगत होतो. पण काल जेवताना तिनं शांतपणे, अगदी स्वच्छ मराठीत विचारलं, "बाबा, तुमचं काम झालं ना इथलं? मग आता आपण घरी कधी जायचं?"