वर राहणारे संस्थापक

अंबडमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्याची वेबसाइट दुरुस्तीला माझ्याकडे आली, तेव्हा तिचं वय चार वर्षं होतं आणि प्रकृती ऐंशीची. पान तीन चौकटींत विभागलेलं होतं. डावीकडे मेनू, उजवीकडे मजकूर आणि वर फेटा बांधलेले संस्थापक. मजकूर कितीही सरकवला तरी संस्थापक हलत नसत. त्यासाठीच मालकांनी या चौकटी, म्हणजे फ्रेम्स, करून घेतल्या होत्या. "बाबा वर सरकून दिसेनासे झालेले चालणार नाहीत," असं त्यांनी आधीच्या माणसाला बजावलं होतं. उद्घाटनाला मॉनिटरला हार घालून कीबोर्डवर अक्षता टाकल्या होत्या. स्पेसबार तेव्हापासून अडकत असे.

खरी अडचण निर्यात बघणाऱ्या मॅडमची होती. परदेशातला माणूस सर्चमधून थेट आतल्या पानावर येई. तिथे व्हॉल्व्हचं चित्र असे, पण भोवती चौकट नसल्यामुळे मेनू नाही, 'चौकशी करा' नाही. तो निघून जाई.

"दिवाळीपर्यंत एक तरी चौकशी आली नाही, तर मला परत स्टोअरला टाकणारेत," मॅडम म्हणाल्या. "नट मोजायला."

मी थोडं जावास्क्रिप्ट लिहिलं. पान एकटं उघडलं, की त्याला चौकटीत नेऊन बसवायचं. बसलं. पण चौकट उघडली की उजवीकडे नेहमी पहिलंच पान येई, म्हणजे संस्थापकांचा संदेश. व्हॉल्व्ह शोधणाऱ्याला वर संस्थापक आणि खाली त्यांचे विचार. वैतागून त्याने मागे जायचं बटण दाबलं, तर स्क्रिप्ट त्याला पुन्हा पकडून आणी. इतका आग्रह लग्नाच्या पंगतीतही होत नाही.

मग वेबपत्त्याच्या शेपटाला पानाचं नाव जोडलं आणि चौकटीला ते वाचून तेच पान उघडायला लावलं. पंचवटीत माझ्या कॉम्प्युटरवर चाललं, अंबडला मॅडमच्या कॉम्प्युटरवर नाही. त्यांचा ब्राउझर वेगळा. दोघांचं एकमत होईपर्यंत मी नदी इतक्या वेळा ओलांडली, की तेवढ्यात एखाद्याचं पाप धुऊन निघालं असतं.

शेवटी मालकांना दाखवायला गेलो. त्यांनी नेमका त्या जर्मन कंपनीचा दुवा दाबला, जिच्याकडून कारखाना रबरी सील घेई. तिची साइट आमच्याच चौकटीत उघडली. वर आमचे संस्थापक.

"हे चुकलंय," मी घाईने म्हणालो. "नव्या खिडकीत उघडायला हवं. आत्ता करतो."

मालकांनी हात जोडले होते. "खबरदार हात लावाल तर! केवढ्या मनाची माणसं! बाबांचा फोटो लावलाय त्यांनी."

"साहेब, तो आपल्याच साइटवर—"

"तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांना माणसं कळत नाहीत."

त्यांनी जर्मनांना आभाराचा ईमेल धाडला. मी घरी येऊन जेवलो नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. 'चौकशी करा'मधून पहिला निरोप आला होता, जर्मनीहून. कोणता फोटो, अशी सीलवाल्या कंपनीने नम्रपणे विचारणा केली होती.

"ही कसली चौकशी?" मी म्हणालो.

"परदेशातून आलीये ना? मी लावली रिपोर्टला."

मॅडम स्टोअरला गेल्या नाहीत. तो दुवा मात्र मालकांनी मला कधीच दुरुस्त करू दिला नाही.