खिडकीतला खिळा

विद्यापीठामागच्या गल्लीत राहायचं म्हणजे कानांना सुट्टी नाही. खाली झेरॉक्सच्या मशीनची घरघर, समोर जुन्या पुस्तकांचं दुकान, त्याच्या पायरीवर देव आहे की नाही यावरून हमरीतुमरीवर आलेली पोरं, आणि कोपऱ्यावर एक जण गिटार शिकतोय, वर्षभर तेच एक गाणं. घरमालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या काकू, या गोंगाटाला दिवसभर नावं ठेवायच्या. पण सुट्ट्या लागून गल्ली ओस पडली की त्यांनाच घास गिळवत नसे.

वरच्या खोल्या त्यांनी विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या. खोलीत दोघं, किल्ली मात्र एकच. दुसरी करून द्या म्हणून पोरं हात धुऊन मागे लागायची, काकू ढिम्म. जो बाहेर पडेल त्याने जिन्यालगतच्या, काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत खिळ्याला किल्ली अडकवायची आणि आधी परतेल त्याने ती घेऊन वर जायचं. आता खिडकीशी थांबलं की बोलणं आलंच. कोण नापास, कोणाचं कोणाशी जुळलंय, कोणाची आई रुसलीये, सगळं काकूंना आधी. नवरा गेल्यापासून त्या घरात माणसाचा आवाज यायचा तो त्या खिडकीतून. दुसरी किल्ली करून दिली असती तर कुत्रंही फिरकलं नसतं तिकडे, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

तर अशात त्यांची धाकटी बहीण राहायला आली. ती शहराच्या टोकाला एका शांत वसाहतीत एकटीच असे. घर रंगवायला काढलंय म्हणून ताईकडे आली, आणि चहा घेऊन जी जिन्यावर जाऊन बसली ती तिथलीच झाली.

"ताई, काय मज्जा आहे गं तुझ्याकडे! आमच्याकडे दुपारी माशी बसलेली ऐकू येते."

दोन दिवसांत ती पोरांची मावशी झाली. त्यांच्या रटाळ विनोदांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. आणि कोणी किल्ली घेऊन उतरलं की हात पुढे करायची. "आण इकडे, मी अडकवते. ताईला किती त्रास द्याल रे?"

झालं! खिडकीशी येणं बंद. जे काही बोलणं ते जिन्यावर, आणि काकू आत भांडी आदळतायत.

वर एक उंच मुलगा होता, सगळे त्याला खांब म्हणायचे. एका विषयात दोनदा आपटलेला. वर्षभर काकूंनी त्याला पहाटे उठवलं, शिव्या घालून अभ्यासाला बसवलं. तो निकालाच्या दिवशी धावत आला आणि जिन्यावरच ओरडला, "मावशी, सुटलो!"

मावशी! काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला झारा तसाच घेऊन त्या बाहेर आल्या.

"रस्त्यात बसू नकोस गं. लोकांना जायला यायला नको?"

"सरकते की," म्हणून धाकटी हसत भिंतीला टेकली. त्या हसण्याने तर काकूंना आणखीच झोंबलं.

त्याच आठवड्यात कोपऱ्यातली खोली रिकामी झाली. धाकटी जेवताना म्हणाली, "ताई, ती खोली मला दे ना. भाडं घे हवं तर. तिकडे भिंती खायला उठतात गं."

"दिली मी ती. कालच." काकूंनी ताटातून मानही वर केली नाही.

"अगंबाई. बरं, राहू दे." रंगाचं काम अजून उरलं होतं, तरी धाकटीने दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

ती गेल्यावर काकूंनी केस नीट केले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसल्या. पावलं वाजली. खिळ्यावर किल्ली अलगद टेकली आणि पावलं चवड्यांवर निघून गेली. मग दुसरी जोडी, तीही तशीच. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी काकूंनी गजातून हात घालून खांबाची बाहीच धरली.

"तोंडाला कुलूप लावलंय का रे सगळ्यांनी?"

तो दचकला. "मावशींनी सांगितलंय, काकूंना आराम हवा, आवाज करायचा नाही."

"ती गेली ना आता?"

"पण फोन करून विचारतात ना! रोज. काकू जेवल्या का, त्यांना त्रास देत नाही ना."

"रोज?" काकूंचा हात सुटला. "तुला?"

"मला, वरच्या मुलींना..."

काकूंचा पुन्हा तसाच जळफळाट झाला, फक्त या वेळी खांबावर. सख्खी बहीण त्यांची, आणि रोज फोन या लंबूटांगला! त्यांना एकदासुद्धा नाही.

"लाव फोन. लाव म्हणते ना!"

"काय रे बाळा?" पलीकडून धाकटीचा आवाज आला.

"बाळ नाही, मी आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला. "खोली रिकामीच आहे. मी खोटं बोलले. जळत होते तुझ्यावर. ये परत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पण ऐक," काकू म्हणाल्या, "जिन्यावर खुशाल बस. किल्ल्यांना हात लावायचा नाही."